पीसीसी काढताय? आधी पत्ता ठरवा

मे महिन्यातली दुपार. सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या घरी साध्या वेशातले एक हवालदार आले. आई दारातच बसली होती. माझं नाव घेऊन त्यांनी विचारलं, "आहेत का घरी?" आईने खरं होतं ते सांगितलं. "त्ये पुण्याला असतंय की साहेब. म्हैन्यातनं एकदा येतंय, काम असलं की येत बी नाही. बसा, चहा टाकते." हवालदार चहा घेऊन गेले. आठवड्याभराने माझ्या मोबाईलवर मेसेज आला, की पोलीस अहवाल प्रतिकूल आहे आणि फाईल पुढील तपासणीसाठी थांबवली आहे.

माझ्यावर गुन्हा सोडाच, साधी एनसीसुद्धा कधी नव्हती. पण परदेशासाठी लागणाऱ्या पोलीस दाखल्याच्या, म्हणजे पीसीसीच्या, अर्जात मी 'सध्याचा पत्ता' म्हणून सोलापूर लिहिलं होतं आणि राहत होतो हिंजवडीजवळ, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. हवालदारांनी त्यांचं काम चोख केलं. आईने तर त्याहून चोख. चूक माझी होती. कॅनडाच्या पीआरचा, म्हणजे तिथल्या कायम वास्तव्याचा, पूर्ण अर्ज भरायला निमंत्रण आल्यापासून ६० दिवस मिळतात. त्यातले ४१ मी या एका कागदात घालवले. माझ्या बायकोची पीसीसी मात्र तीन दिवसांत हातात आली होती. ती सोलापुरातच, सासरी राहत होती, तिथलाच पत्ता तिच्या पासपोर्टवर होता आणि तो पासपोर्टही लग्नानंतर नुकताच नवा काढलेला होता.

आता गल्लीतलं, नात्यातलं कुणीही परदेशाचा विषय काढला की मला फोन येतो. तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो.

१. कोणता दाखला हवाय ते आधी समजून घ्या

पीसीसी म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. नावात पोलीस असले तरी इमिग्रेशनसाठी लागणारी पीसीसी पोलीस देत नाहीत. ती परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीतलं पासपोर्ट कार्यालय देतं, पोलीस फक्त अहवाल पाठवतात. सोलापूर जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो.

गोंधळ होतो तो इथे. महाराष्ट्र पोलिसांकडूनही एक चारित्र्य पडताळणीचा दाखला मिळतो. खाजगी कंपनीत लागताना, सिक्युरिटीच्या कामाला तो मागतात. त्यावर पोलिसांचा शिक्का असतो, दिसायला भारदस्त असतो, आणि कॅनडा, अमेरिका, न्यूझीलंड यांच्या इमिग्रेशनला भारतीय नागरिकाकडून तो नको असतो. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने कुणाच्या तरी सांगण्यावरून आयुक्तालयात खेटे घालून तो दाखला काढला, फाईलला लावला आणि दीड महिन्याने त्याला 'योग्य प्रमाणपत्र जोडा' असं उत्तर आलं. तेव्हा कुणी "पोलिसांत माझी ओळख आहे, दोन दिवसांत काढून देतो" म्हणालं, तर तो याच दुसऱ्या दाखल्याबद्दल बोलतोय असं समजा.

आणखी एक. पासपोर्ट कार्यालयाच्या पीसीसीवर देशाचं नाव छापलेलं असतं. या व्यक्तीला अमुक देशाच्या व्हिसासह प्रवासाच्या सवलती देण्यास अपात्र ठरवेल अशी प्रतिकूल माहिती आमच्याकडे नाही, अशा अर्थाचं एक वाक्य असतं, बस्स. म्हणजे कॅनडासाठी काढलेली पीसीसी ऑस्ट्रेलियाच्या फाईलला लावता येत नाही. दोन्हीकडे प्रयत्न करणार असाल तर दोन अर्ज करावे लागतील, फीही दोनदा.

२. तुमचा देश काय मागतो आणि कधीचं मागतो

कॅनडा: १८ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाचं प्रमाणपत्र लागतं. गेल्या १० वर्षांत ज्या ज्या देशात सलग ६ महिने किंवा जास्त राहिलात, त्या प्रत्येक देशाचं. सध्या राहता त्या देशाचं प्रमाणपत्र अर्ज दाखल करताना ६ महिन्यांपेक्षा जुनं नको. जो देश सोडून आलात, तिथलं मात्र तिथून शेवटचं निघाल्यानंतर काढलेलं असलं पाहिजे.

ऑस्ट्रेलिया: वय १६ पासून. गेल्या १० वर्षांत सगळे मुक्काम मिळून १२ महिने भरले तरी तो देश यादीत येतो, सलग असायची गरज नाही. प्रमाणपत्र १२ महिने चालतं.

न्यूझीलंड: वय १७ पासून, आणि प्रमाणपत्र ६ महिन्यांच्या आतलं. अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसाला वय १६ पासून लागतं. ब्रिटनचं थोडं वेगळं आहे. स्किल्ड वर्कर व्हिसावर आरोग्य, शिक्षण, समाजसेवा या क्षेत्रांतल्या कामाला जाणाऱ्यांना लागतं. सोलापुरातून नर्सिंगला जाणाऱ्या मुलींनी एवढं लक्षात ठेवावं.

या मुदती पाहून लोक दोन टोकांच्या चुका करतात. एक जण आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल येण्याआधीच पीसीसी काढून बसतो आणि निमंत्रण येईस्तोवर ती शिळी होते. दुसरा निमंत्रणाची वाट बघत बसतो आणि मग माझ्यासारखा धावतो. माझं मत विचाराल तर पीसीसी आधी काढू नका, पण तिची तयारी, म्हणजे पत्ता, नाव, पासपोर्टची मुदत, हे सगळं सहा महिने आधी सरळ करून ठेवा. हे सरळ असलं तर पीसीसी पटकन येते.

३. पत्ता

इथे थांबा आणि सावकाश वाचा. सोलापूरकरांची नव्वद टक्के भानगड इथेच होते. टक्केवारी माझी, अनुभवाची.

आपल्याकडची निम्मी पोरं पुण्यात असतात. आधार सोलापूरचं, मतदार यादीत नाव सोलापूरला, बँक सोलापूरची, पासपोर्टवर सोलापूर, आणि माणूस वाकडला नाहीतर हडपसरला. शुक्रवारी रात्री गाडी पकडून यायचं आणि सोमवारी पहाटेच्या हुतात्मा एक्सप्रेसने परत जायचं. अर्ज भरताना मनात येतं की सगळे कागद सोलापूरचे आहेत, मग तोच पत्ता टाकू. मीही तेच केलं.

अर्जात 'सध्याचा पत्ता' म्हणजे आज तुम्ही जिथे झोपता तो पत्ता. तुम्ही तिथेच राहता का, एवढंच पाहायला पोलीस येतात. शेजाऱ्याने "त्ये पुण्यात असतंय" म्हटलं की अहवालात 'अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही' असं जातं, आणि पासपोर्ट कार्यालयाच्या लेखी तो प्रतिकूल अहवाल. गुन्हेगाराचा शेरा आणि पत्त्याचा शेरा वेगळा असतो हे खरं, पण फाईल दोन्हींनी अडते.

मग करायचं काय? तुमच्यासमोर दोन रस्ते आहेत.

पहिला, पुण्याचाच पत्ता द्या. पासपोर्टवर वेगळा पत्ता असला तरी सध्याच्या पत्त्याचा पुरावा देऊन पीसीसीचा अर्ज करता येतो. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार लागेल. पाचशेच्या बाँडवर नोटरी करून दिलेला करार चालत नाही, आणि बरेच घरमालक नेमका तोच देतात. अकरा महिन्यांचा करार संपत आला असेल तर आधी नवा करून घ्या. शिवाय गेल्या वर्षभरात जागा बदलली असेल तर आधीचाही पत्ता लिहावा लागतो, आणि पडताळणी दोन्हीकडे जाऊ शकते.

दुसरा रस्ता, खरंच सोलापुरात राहायला या. नोकरी सोडली असेल, घरून काम करत असाल, जायच्या आधीचे दोन-तीन महिने आईवडिलांजवळ काढायचे असतील, तर हा रस्ता सोपा. पण तेव्हाही गेल्या वर्षातला पुण्याचा पत्ता लपवू नका.

आठवडाभर सुट्टी टाकून घरी बसायचं आणि पोलीस आले की "मी इथेच असतो" म्हणायचं, हा तिसरा रस्ता सगळ्यांना सुचतो. तो सोडून द्या. शेजारचे आजोबा तुमच्यापेक्षा जास्त बोलतात.

माझं पुढे काय झालं तेही सांगतो. पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयात जाऊन लेखी खुलासा दिला. नोकरीमुळे पुण्यात राहतो, सोलापूरचं घर वडिलोपार्जित आहे, अर्जात पत्ता चुकीचा समजून भरला, असं सरळ लिहिलं. सोबत नोंदणीकृत भाडेकरार आणि कंपनीचं पत्र. पडताळणी पुण्याच्या पत्त्यावर पुन्हा पाठवली गेली आणि या खेपेला मी घरी होतो. खुलासा लिहिताना गोष्टी सांगत बसू नका. अर्धं पान पुरतं.

४. शहर की ग्रामीण?

आपल्याकडे पोलिसांच्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. सोलापूर शहराला पोलीस आयुक्तालय आणि बाकी जिल्ह्याला ग्रामीणचे पोलीस अधीक्षक. शहरात फौजदार चावडी, जेल रोड, सदर बझार, विजापूर नाका, सलगर वस्ती, जोडभावी पेठ, एमआयडीसी ही ठाणी. अर्जात पत्त्याबरोबर पोलीस ठाणंही निवडायचं असतं. ते चुकलं की फाईल एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहते, आणि मधले दहा-पंधरा दिवस तुम्हाला कुणीच काही सांगत नाही.

जुन्या पेठांत राहणाऱ्यांना अडचण नाही. अडचण कडेकडेच्या वसाहतींत आहे. कुंभारीकडची घरकुलं घ्या. तिथले लोक स्वतःला सोलापूरचेच म्हणतात, रोजचं सगळं शहरातच, पण कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात येतं. हद्दीजवळ राहत असाल तर अंदाजाने ठाणं टाकू नका. जवळच्या ठाण्यात जा आणि पत्ता दाखवून विचारा, "साहेब, हा भाग तुमच्याकडे का?" दोन मिनिटांचं काम आहे.

पत्ता लिहिताना खूण घाला. आमच्या भागात घरनंबर कुणालाच माहीत नसतात आणि माणसं टोपणनावाने ओळखली जातात. अर्जावरचं माझं पूर्ण नाव घेऊन कुणी गल्लीत विचारलं तर चार जण माना हलवतील. तेव्हा 'अमुक मारुतीच्या देवळामागे', 'अमुक पिठाच्या गिरणीशेजारी' असं काहीतरी लिहा, आणि मोबाईल नंबर चालू ठेवा.

आता वेळेबद्दल. पंढरपूर, मंगळवेढा, माळशिरस, सांगोला या बाजूला राहत असाल तर आषाढी वारीच्या तोंडावर अर्ज करू नका. माझा मेहुणा पंढरपूरचा. त्याने नेमका जूनअखेरीला अर्ज केला. पालख्या जिल्ह्यात आल्या की ग्रामीण पोलीस बंदोबस्तात, मग कोण तुमच्या दाराशी येणार? त्याची पडताळणी एकादशी उलटून गेल्यावर झाली. शहरात जानेवारीत सिद्धेश्वरची गड्डा यात्रा, मग गणपती, निवडणुका. या दिवसांत उशीर होणारच हे धरून चाला.

५. नावाचं स्पेलिंग

आमचं घराणं पद्मशाली, आजोबा तेलंगणातून मागावर काम करायला आले. आमचं आडनाव आजोबांच्या रेशनकार्डावर एक, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर तिसरं. कुठे एक 'एल', कुठे दोन. सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरोघरी हीच कथा आहे. तेलुगू आडनाव मराठी शाळेतल्या मास्तरांनी कानाला येईल तसं लिहिलं आणि पुढे प्रत्येक कारकुनाने ते आपापल्या परीने इंग्रजीत नेलं.

पीसीसीवर नाव येतं ते पासपोर्टवरचं, त्यामुळे पासपोर्ट हाच आधार धरा आणि पत्त्याचा पुरावा म्हणून जो कागद देणार, त्यावरचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळवून घ्या. आधार दुरुस्ती सगळ्यात सोपी, तीच करा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं म्हणून इमिग्रेशनच्या फॉर्ममध्येही तसंच भरू नका. पासपोर्टवर आडनाव आणि नाव यांचे रकाने वेगळे असतात, तेच उतरवा.

लग्न झालेल्या बायकांचं आणखी वेगळं. आपल्याकडे आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं, वडिलांच्या जागी नवरा येतो. पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि आधार सासरच्या नावाचं, असं असेल तर आधी एक काय ते ठरवा. पासपोर्ट बदलायचा असेल तर आधी बदला, मगच पीसीसी. पीसीसीवर पासपोर्ट नंबर छापला जातो आणि नव्या पासपोर्टचा नंबर नवा असतो. मुदत संपत आलेला पासपोर्टही याच कारणासाठी आधी नवा करून घ्यावा. माझ्या बायकोने हा क्रम बरोबर पाळला होता. मला तिने सांगितलंही होतं.

६. कागद

- मूळ पासपोर्ट. त्याच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांची झेरॉक्स, ईसीआर (ठरावीक देशांत कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते असा शेरा) किंवा नॉन-ईसीआरचं पान असेल तर तेही, आणि शेरा असलेलं पान असेल तर तेही. प्रत्येक झेरॉक्सवर स्वतःची सही.
- सध्याच्या पत्त्याचा पुरावा, विशेषतः तो पासपोर्टवरच्या पत्त्यापेक्षा वेगळा असेल तर. आधार, लाइट बिल, मतदार ओळखपत्र, नोंदणीकृत भाडेकरार, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या पासपोर्टची प्रत, यांपैकी जे असेल ते.
- परदेशाने पीसीसी मागितल्याचं काही पत्र किंवा निमंत्रण आलं असेल तर त्याची प्रिंट. माझ्याकडे कुणी मागितली नाही, पण पिशवीत होती.

महावितरणचं बिल आजोबांच्या नावावर असतं हे घरोघरी आहे. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी बिल त्यांच्याच नावाने येतं. ते तुमच्या पत्त्याचा पुरावा होत नाही.

आखातात कामाला जाणाऱ्यांसाठी वेगळी ओळ लिहितो. पासपोर्टवर ईसीआर असेल आणि ईसीआर लागू असलेल्या देशांच्या यादीतल्या देशात जात असाल, तर नोकरीचा करार आणि व्हिसाची प्रत यांसारखे कागदही मागतात. पासपोर्ट सेवेच्या पोर्टलवर 'कागदपत्र सल्लागार' म्हणून सोय आहे, तिथे आपली माहिती टाकून नेमकी यादी काढा. एजंटच्या तोंडच्या यादीवर विसंबू नका.

७. पोर्टलवर अर्ज

पासपोर्ट सेवा या सरकारी संकेतस्थळावरच जा, किंवा एमपासपोर्ट सेवा हे अ‍ॅप घ्या. गुगलवर शोधलं की वरती जाहिरातीत हुबेहूब दिसणारी दुसरी संकेतस्थळं येतात आणि दीड-दोन हजार घेतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते बघा. खरी फी ५०० रुपये.

खातं उघडताना पासपोर्ट कार्यालय निवडा, पीसीसीचा अर्ज घ्या, देश निवडा, पत्ते भरा, पैसे भरा, अपॉइंटमेंट घ्या. यात अवघड काही नाही. फक्त देशाच्या रकान्यात घाईत भलतंच निवडू नका, आणि सबमिट करण्याआधी सगळं एकदा मोठ्याने वाचा. मी घरच्यांपैकी कुणाला तरी शेजारी बसवून वाचायला सांगतो. आपली चूक आपल्याला दिसत नाही.

२८ सप्टेंबर २०२२ पासून पोस्ट ऑफिसातल्या पासपोर्ट सेवा केंद्रांतही पीसीसीचा अर्ज घेतात. तेव्हा तारीख लांबची दिसली तर पोर्टल जवळपासची आणखी कोणती केंद्रं दाखवतं ते बघा.

सोलापुरात कुणाकडून फॉर्म भरून घेणार असाल तर जरूर घ्या, नेट कॅफेवाल्यांना सवय असते. पण मोबाईल नंबर आणि ईमेल तुमचाच द्या, पासवर्ड तुमच्या वहीत लिहा. त्यांच्या ईमेलवर गेलेला मेसेज तुम्हाला कधी कळतच नाही.

८. केंद्रावरचा दिवस

वेळेच्या १५ मिनिटं आधी पोचा, तासभर आधी जाऊन उपयोग नाही. टोकन मिळतं, मग ए, बी, सी अशी तीन खिडक्यांची पायरी. पहिल्या ठिकाणी कागद स्कॅन, फोटो, बोटांचे ठसे. फोटो सोबत न्यावा लागत नाही. दुसऱ्या ठिकाणी कागदांची तपासणी, तिसऱ्या ठिकाणी मंजुरी. कुठेतरी विचारतीलच, "सध्या कुठे राहता? किती वर्षं?" अर्जात जे लिहिलंय तेच बोला.

स्क्रीनवर स्वतःचा अर्ज दाखवतात तेव्हा लाजू नका, अक्षर अन् अक्षर वाचा. मागच्या रांगेकडे बघून "हो हो, बरोबर आहे" म्हणणारा माणूस पुढे महिनाभर रडतो.

पासपोर्ट नवा असेल, त्याच पत्त्यावर पोलिसांचा चांगला अहवाल आधीच असेल, तर पीसीसी तिथल्या तिथे किंवा एक-दोन दिवसांत मंजूर होऊ शकते. बायकोचं असंच झालं. नाहीतर फाईल पोलिसांकडे जाते.

९. पोलीस पडताळणी

शहरात असा किंवा ग्रामीणला, फोन येतो. अनोळखी नंबर म्हणून कट करू नका. त्या महिन्यात सगळे फोन उचला, कर्ज विकणाऱ्यांचेही. कधी घरी येतात, कधी ठाण्यात बोलावतात. आधार, लाइट बिल, पासपोर्टची झेरॉक्स, दोन फोटो आणि दोन शेजाऱ्यांची नावं-नंबर तयार ठेवा. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. खोटं बोलायला नाही, घाबरू नका म्हणून सांगायला. आमच्या समोरच्या काकू पोलीस म्हटल्यावर दार लावून आत गेल्या होत्या.

घरातल्यांनाही सांगा की अर्जात काय लिहिलंय. आईला मी काहीच सांगितलं नव्हतं.

फी पोर्टलवर भरून झालेली असते. घरी आलेल्याला द्यायचं कुठलंही शुल्क नाही. चहा द्या, पाणी द्या. कुणी पैसे मागितलेच तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे. फाईल कुठे आहे ते पोर्टलवर फाईल नंबर टाकून कळतं, आणि पासपोर्ट सेवेची हेल्पलाइन १८००-२५८-१८०० आहे.

१०. केस असेल तर

चेक परत गेल्याची १३८ ची केस, भावकीतली मारामारी, कॉलेजात असताना मोर्चात झालेला गुन्हा, नवराबायकोचा वाद. लोकांना वाटतं की हे जुनं आहे, कुणाला कळणार. कळतं. पोलिसांच्या नोंदी आता संगणकावर आहेत. खटला चालू असेल तर अर्जातल्या प्रश्नाला 'हो' उत्तर द्या आणि वकिलाकडून कोर्टाची परवानगी कशी घ्यायची ते आधी विचारा. माहिती लपवणं हा पासपोर्ट कायदा, १९६७ खाली वेगळा गुन्हा आहे, आणि इमिग्रेशनवाले गुन्ह्यापेक्षा खोटं बोलण्यावर जास्त कडक असतात. कॅनडात चुकीची माहिती दिल्याबद्दल पाच वर्षांची बंदी येऊ शकते.

निर्दोष सुटला असाल तरी निर्धास्त राहू नका. कोर्टाचा निकाल पोलिसांच्या नोंदीत आपोआप चढतो असं नाही. निकालाची प्रमाणित प्रत काढा आणि पडताळणीच्या वेळी स्वतःहून द्या. कोर्टातून प्रत मिळायलाही वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी करा.

११. हातात आल्यावर

मेसेज आल्यावर पीसीसी हातात पडली की नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट नंबर, देशाचं नाव आणि तारीख तिथेच उभ्या उभ्या तपासा. मग रंगीत स्कॅन करा, मागचं पान कोरं असलं तरी. मोबाईलने काढलेला, कोपऱ्यात अंगठा दिसणारा फोटो अपलोड करू नका. लॅमिनेशनही करू नका. आमच्याकडे कुठलाही महत्त्वाचा कागद आला की आधी लॅमिनेशनला जातो, म्हणून मुद्दाम सांगतोय.

कॅनडाला अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून लावलेला सरकारी शिक्का, लागत नाही. काही युरोपीय देश मागतात. अमिरातीसारखे जे देश अपॉस्टिल मानत नाहीत, तिथे परराष्ट्र मंत्रालयाचं आणि त्यांच्या दूतावासाचं साक्षांकन लागतं. तुमच्या देशाने मागितलं नसेल तर उगाच खर्च करू नका.

मुदतीत पीसीसी येणार नाही असं दिसलं, तर अर्ज केल्याची पावती, फाईलची स्थिती आणि उशिराचं कारण सांगणारं पत्र जोडून ठेवा. माझं हे पत्र तयार होतं, वापरावं लागलं नाही. ५७ व्या दिवशी फाईल गेली.

१२. आधी परदेशात राहिला असाल तर

कंपनीने दीड वर्ष अमेरिकेला पाठवलं असेल, तर कॅनडाला एफबीआयचंही प्रमाणपत्र लागेल. त्याची फी १८ डॉलर, पण बोटांचे ठसे कार्डावर शाईने घेऊन पाठवावे लागतात आणि ते पुसट आले तर परत येतात. माझ्या मित्राचे दोनदा परत आले. तिसऱ्या वेळी त्याने एकाच वेळी तीन कार्डं भरून घेतली आणि त्यातलं सगळ्यात स्वच्छ पाठवलं. ब्रिटनचं प्रमाणपत्र एक्रो हे कार्यालय देतं, अर्ज ऑनलाइन होतो. परदेशातच असाल आणि भारताची पीसीसी हवी असेल, तर तिथल्या भारतीय दूतावासातून अर्ज करायचा. तिकडून अर्ज केलात तरी पडताळणी भारतातल्या पत्त्यावर येऊ शकते, म्हणून सोलापुरात आईला आजच फोन करून सांगा की कोण येईल आणि काय विचारेल.